एममॅप केलेल्या फाइलमधला बदल डिस्कवर नेमका कधी पोचतो?

फाइलमध्ये लिहायची नेहमीची रीत प्रत्येक प्रोग्रॅमरला येते. फाइल उघडायची, राइट कॉल करायचा, बंद करायची. एममॅपची रीत वेगळी. फाइल उघडल्यावर आपण ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतो, की ही फाइल माझ्या मेमरीत अमुक पत्त्यापासून पुढे दिसू दे. त्यानंतर ती फाइल म्हणजे एक लांबलचक अ‍ॅरे होते. दहा हजारावा बाइट हवा असेल तर अ‍ॅरेतला दहा हजारावा घटक वाचायचा, बदलायचा असेल तर त्यात नवी किंमत ठेवायची. रीड-राइटची ये-जा नाही, स्वतःचा बफर सांभाळायचा नाही, आणि फाइल दहा जीबीची असली तरी जेवढ्याला हात लागेल तेवढाच भाग मेमरीत येतो.

सोय फार चांगली आहे, म्हणूनच तिच्या पोटातला प्रश्न पटकन दिसत नाही. इथे लिहिणं म्हणजे नुसती एक असाइनमेंटची ओळ. ती ओळ चालून गेल्यावर दोन सेकंदांनी वीज गेली, तर बदल फाइलमध्ये सापडेल का? डेटाबेस, लॉग, शोधाच्या इंडेक्स फाइली असं बरंच सॉफ्टवेअर एममॅपवर चालतं. तिथे या प्रश्नाला "बहुधा सापडेल" हे उत्तर पुरत नाही. खाली मुख्यतः लिनक्सबद्दल लिहितो, कारण तिथला कोड कुणालाही उघडून पाहता येतो. विंडोज आणि मॅकओएस जिथे वेगळं वागतात तिथे तसं सांगेन.

पान एकच, वाटा दोन

ऑपरेटिंग सिस्टिम मेमरीचा हिशेब बाइटमध्ये नाही, पेजमध्ये ठेवते. इंटेल-एएमडीच्या एक्स-८६ प्रोसेसरवर एक पेज ४०९६ बाइटचं असतं, अ‍ॅपलच्या एम मालिकेच्या चिपवर मॅकओएस १६ केबीचं पेज वापरतं. एममॅप कॉल केला तेव्हा फाइलमधलं काहीही वाचलं जात नाही, नुसती नोंद होते. तुम्ही त्या पत्त्याला पहिल्यांदा हात लावता तेव्हा पेज फॉल्ट होतो, म्हणजे पेज हाताशी नाही म्हणून प्रोसेसर अडतो, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ते पेज डिस्कवरून आणतं, आणि प्रोग्रॅमला काही कळायच्या आत काम पुढे सुरू होतं.

कर्नल ते पेज आणून ठेवतं पेज कॅशमध्ये. हीच ती जागा जिथून साधे रीड आणि राइट कॉलही चालतात. म्हणजे तुमच्या मॅपिंगमधलं पेज आणि दुसऱ्या प्रोग्रॅमने रीड करून पाहिलेलं पेज ही एकच वस्तू आहे. त्यामुळे लिनक्सवर तुम्ही मॅपिंगमध्ये केलेला बदल दुसऱ्या प्रोग्रॅमला त्याच क्षणी दिसतो, कुठलंही सिंक न करता. "दुसऱ्या प्रोसेसला दिसावं म्हणून एमसिंक करा" असा सल्ला पुष्कळ वेळा ऐकू येतो; एमसिंक म्हणजे मॅपिंगमधले बदल फाइलपर्यंत पोचवायला सांगणारा कॉल. ओपनबीएसडीसारख्या सिस्टिमवर तो खरा आहे, कारण तिथे मॅपिंग आणि रीड-राइट यांचे कॅश एक नाहीत. लिनक्सवर त्याची गरज नाही. तिथे एमसिंकचा संबंध फक्त डिस्कशी.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. मॅपिंग करताना मॅप-शेअर्ड आणि मॅप-प्रायव्हेट असे दोन पर्याय असतात. प्रायव्हेट घेतलं तर पहिला बदल करताना कर्नल त्या पेजची तुमच्यापुरती वेगळी प्रत करून देतं, आणि तो बदल फाइलमध्ये कधीच जात नाही. अशा मॅपिंगवर कितीही वेळा एमसिंक करा, कॉल यशस्वी होईल आणि फाइल जशीच्या तशी राहील. "एमसिंक करतोय पण फाइल बदलत नाही" अशी तक्रार आली की आधी हा फ्लॅग तपासावा.

कर्नलला कळतं कसं?

मला या विषयातला हा भाग सगळ्यांत आवडतो. राइट कॉल केला की कर्नलला आपोआप समजतं, कारण तो कॉल कर्नलकडेच जातो. असाइनमेंट मात्र प्रोसेसर थेट मेमरीत करून मोकळा होतो, कर्नलला मध्ये घेतच नाही. मग कुठलं पेज बदललं, कुठलं डिस्कवर पाठवायचं, हे कर्नलला कोण सांगणार?

हार्डवेअर थोडी मदत करतं. एक्स-८६ वर पेज टेबलमधल्या (कुठला पत्ता कुठल्या पेजवर जातो याच्या यादीतल्या) प्रत्येक नोंदीत डर्टी नावाचा एक बिट असतो. त्या पेजमध्ये काही लिहिलं गेलं की प्रोसेसर तो बिट स्वतः चालू करतो. पण बिट चालू झाल्याची खबर तो कर्नलला देत नाही. कर्नलने जाऊन पाहिलं तरच दिसणार. पूर्वी लिनक्समध्ये नेमकं हेच व्हायचं: मॅपिंग काढून टाकलं, एमसिंक केलं किंवा मेमरी कमी पडू लागली, तेव्हा कर्नल पेज टेबल चाळायचं आणि तेव्हा कुठे त्याला कळायचं की अरे, इतकी पेजेस डर्टी आहेत. एखादा प्रोग्रॅम बहुतेक सगळी मेमरी अशा बदललेल्या पेजेसनी भरून टाकू शकत असे, आणि कर्नलच्या हिशेबात त्यांचा पत्ताही नसे.

२००६ मध्ये लिनक्स २.६.१९ आलं, त्यात पीटर झायल्स्ट्रा यांच्या बदलाने हे सुधारलं. युक्ती अशी: शेअर्ड मॅपिंगमधलं पेज स्वच्छ आहे तोवर कर्नल ते मुद्दाम 'फक्त वाचा' अशा स्थितीत ठेवतं, तुम्हाला लिहायची परवानगी असली तरी. पहिल्यांदा लिहायला गेलात की प्रोसेसर अडतो आणि फॉल्ट होतो. कर्नल जागं होतं, पेज डर्टी म्हणून मोजतं, फाइल सिस्टिमला विचारून डिस्कवर जागा वगैरे पक्की करतं, मग लिहिण्याची मोकळीक देतं. त्यानंतरचे त्याच पेजवरचे हजारो बदल विनाअडथळा होतात. पेज डिस्कवर पाठवायची वेळ आली की त्याला पुन्हा 'फक्त वाचा' केलं जातं, म्हणजे पुढचा पहिला बदलही पकडला जाईल.

याचे दोन परिणाम प्रोग्रॅमरपर्यंत पोचतात. एक, प्रत्येक सिंकनंतर प्रत्येक पेजवरचा पहिला बदल महाग असतो, कारण त्याला फॉल्टचा खर्च पडतो. दर मिलिसेकंदाला सिंक करणारा प्रोग्रॅम डिस्कमुळे जसा मंदावतो तसाच या फॉल्टमुळेही. दुसरं, एमसिंकचा एमएस-असिंक हा फ्लॅग २.६.१९ पासून लिनक्सवर काहीच करत नाही. पूर्वी तो कर्नलला "पेज टेबल चाळून डर्टी पेजेस शोधून ठेव" असं सांगत असे. आता कर्नलला ते आधीच माहीत असतं. जुन्या कोडमध्ये "निदान असिंक तरी केलंय" म्हणून जिथे समाधान मानलेलं असतं, तिथे प्रत्यक्षात काही घडत नसतं.

आपोआप होणारं लिहिणं

तुम्ही काहीच केलं नाही तरी बदल डिस्कवर जातात, उशिराने. कर्नलचे फ्लशर थ्रेड डीफॉल्ट सेटिंगनुसार दर ५ सेकंदांनी जागे होतात आणि डर्टी होऊन ३० सेकंद उलटलेला माल डिस्कवर पाठवतात. उपलब्ध मेमरीच्या १० टक्क्यांवर डर्टी पेजेस गेली तर ३० सेकंदांची वाट न पाहता मागच्या मागे लिहिणं सुरू होतं. २० टक्क्यांवर गेली तर पेजेस डर्टी करणाऱ्या प्रोग्रॅमलाच थोपवून धरलं जातं.

हे डोळ्यांनी पाहता येतं. प्रॉक डिरेक्टरीतल्या मेमइन्फो फाइलमध्ये डर्टी आणि राइटबॅक अशा दोन ओळी असतात. एका टर्मिनलवर ती फाइल दर सेकंदाला दाखवत ठेवा. दुसरीकडे २०० एमबीची फाइल मॅप करून प्रत्येक पेजमध्ये एक-एक बाइट बदलणारा छोटा प्रोग्रॅम चालवा. फाइल खऱ्या डिस्कवर ठेवा. टेम्प डिरेक्टरीत नको, कारण ती अनेक सिस्टिमवर मेमरीतच असते. लूप निमिषात संपेल आणि डर्टीचा आकडा सुमारे दोन लाख केबीने वर जाईल. तो तिथेच राहील. प्रोग्रॅम संपला तरी राहील. अर्ध्या मिनिटानंतर राइटबॅकचा आकडा थोडा वेळ हलेल आणि डर्टी खाली येईल. आता तेच पुन्हा करा, पण लूपनंतर एमसिंक ठेवून. या वेळी प्रोग्रॅम एमसिंकवर थांबेल, आणि तो सुटेल तेव्हा डर्टीचा आकडा आधीच उतरलेला असेल. सेकंदाला १५० एमबी लिहिणारी हार्ड डिस्क असेल तर सव्वा सेकंदाहून जास्तच थांबावं लागेल. बदललेले बाइट जेमतेम एक्कावन्न हजार, पण पेज हे सगळ्यांत लहान माप असल्यामुळे डिस्कवर मात्र पूर्ण २०० एमबी गेले.

प्रोग्रॅम संपला तरी डर्टी पेजेस तशीच राहिली, हे नीट लक्षात घ्या. ती पेजेस प्रोग्रॅमची नसतात, कर्नलची असतात. म्हणून प्रोग्रॅम क्रॅश झाला, कुणी किल-९ ने मारला, तरी शेअर्ड मॅपिंगमध्ये केलेला प्रत्येक बदल शाबूत असतो आणि यथावकाश डिस्कवर जातो. फक्त स्वतःच्या प्रोग्रॅमच्या मरणाची भीती असेल तर एमसिंकची गरज नाही. भीती मशीन बंद पडण्याची असेल, म्हणजे वीज जाणं, कर्नल पॅनिक होणं, कुणी रीसेट दाबणं, तर मात्र गेल्या अर्ध्या मिनिटाचं किंवा त्याहून जास्त काम जाऊ शकतं. या दोन प्रकारांत फरक न केल्यामुळे काही जण गरज नसताना दर ओळीला सिंक करतात, आणि काही जण किल-९ ची चाचणी पास झाली म्हणून वीज गेल्यावरही निभावेल असं धरून चालतात. दुसरी चूक जास्त घातक आहे, कारण ती चाचणीत कधी सापडतच नाही.

मॅपिंग काढून टाकणं किंवा फाइल बंद करणं म्हणजे सिंक नव्हे. दोन्हींनंतर पेजेस कॅशमध्ये डर्टी असू शकतात.

एमसिंक आत काय करतो

एमसिंकला तीन गोष्टी द्यायच्या: सुरुवातीचा पत्ता, लांबी आणि फ्लॅग. पत्ता पेजच्या सीमेवरच हवा. समजा फाइलमध्ये १०,००० व्या बाइटपासून ५० बाइट बदलले. १०,००० ला ४०९६ ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे तोच पत्ता दिला तर कॉल चूक परत करतो. मागे सरकून ८१९२ पासून सुरुवात करायची आणि लांबी १८५८ द्यायची, म्हणजे १०,०५० पर्यंतचा भाग येतो. परत आलेली किंमत न तपासणाऱ्या कोडमध्ये ही चूक वर्षानुवर्षे लपून राहते. एमसिंक लिहिलेला दिसतो, चालत मात्र कधीच नाही.

एमएस-सिंक फ्लॅग दिल्यावर लिनक्स त्या टप्प्यात येणारी मॅपिंग शोधतं आणि प्रत्येकीच्या फाइलवर त्या भागापुरता एफसिंक, म्हणजे फाइलमधले बदल डिस्कवर पोचवणारा कॉल, चालवतं. एमसिंकचा कोड अगदी छोटा आहे आणि त्याचं काम एवढंच. म्हणजे एफसिंकचे जे गुणदोष तेच एमसिंकचे.

एफसिंक पेजेस डिस्कला पाठवतो, फाइल सिस्टिमचे आवश्यक हिशेब लिहायला लावतो, आणि मग आणखी एक काम करतो जे विसरलं जातं. डिस्कच्या आत स्वतःचा एक कॅश असतो. "मिळालं" असं डिस्क सांगते तेव्हा डेटा त्या कॅशमध्ये असू शकतो, आणि वीज गेली की तो कॅश पुसला जातो. म्हणून लिनक्स शेवटी डिस्कला फ्लशची आज्ञा देतं: कॅशमधलं सगळं कायमच्या जागी लिही, मग कळव. एफसिंकला लागणाऱ्या वेळेतला मोठा वाटा याच वाट पाहण्याचा असतो. सर्व्हरसाठीच्या काही एसएसडींत कपॅसिटर बसवलेले असतात. वीज गेल्यावर कॅश रिकामा करण्यापुरती ऊर्जा त्यांच्यात साठलेली असते, त्यामुळे अशा एसएसडी फ्लशला लगेच हो म्हणू शकतात. घरगुती एसएसडी आणि या एसएसडी यांच्या एफसिंकच्या वेगात प्रचंड फरक पडतो तो यामुळे.

मॅकओएसवर एफसिंक डिस्कपर्यंत डेटा पोचवतो, पण डिस्कचा कॅश रिकामा करवत नाही. तिथे त्यासाठी फुल-एफसिंक नावाची वेगळी आज्ञा द्यावी लागते. विंडोजवर फ्लश-व्ह्यू-ऑफ-फाइल हा एमसिंकचा भाऊ, पण तो लिहायला सुरुवात करून परततो. पूर्ण खात्रीसाठी त्यानंतर फ्लश-फाइल-बफर्स करावंच लागतं. जावातला फोर्स आणि पायथनच्या एममॅपमधला फ्लश हे शेवटी याच कॉलवर टेकलेले असतात. फाइल नव्याने तयार केली असेल तर तिच्या डिरेक्टरीवरही एकदा एफसिंक हवा, नाहीतर डेटा सुखरूप आणि फाइलचं नावच गायब, असं होऊ शकतं.

'इथपर्यंत' मिळतं, 'याआधी नको' मिळत नाही

इतकं सगळं बरोबर केलं तरी एक भोक राहतं, आणि माझ्या मते एममॅपवर काही उभं करणाऱ्याने सर्वांत आधी समजून घ्यायची गोष्ट ही आहे.

एका फाइलमध्ये खात्यांची शिल्लक ठेवली आहे. पहिलं खातं १० व्या पेजवर, दुसरं ९०० व्या पेजवर. पहिल्यातून ५०० रुपये वजा केले, दुसऱ्यात जमा केले, मग एमसिंक. कोड वाचून वाटतं की एमसिंकच्या आधी डिस्कवर जुनी स्थिती आहे आणि नंतर नवी. तसं नाही. वजाबाकी झाल्यावर ते १० वं पेज डर्टी आहे आणि कर्नल ते केव्हाही लिहू शकतं. फ्लशर थ्रेड नेमका तेव्हाच जागा झाला, मेमरी कमी पडली, कुणी दुसऱ्या टर्मिनलवर सिंक कमांड दिली, कारण काहीही असो. ते पेज गेलं, ९०० वं जायच्या आत वीज गेली. डिस्कवर ५०० रुपये गेलेत आणि कुठेच आलेले नाहीत. कोडमध्ये एमसिंक अगदी योग्य जागी होता.

एमसिंक सांगतो, "या ओळीपर्यंतचं सगळं आता डिस्कवर आहे." "या ओळीच्या आधी काहीही डिस्कवर जाऊ देऊ नको" असं सांगणारा कॉल पॉझिक्समध्ये, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमच्या सामाईक मानकात, नाही. एकाच एमसिंकमधली पेजेस कोणत्या क्रमाने जातील याचीही हमी नाही. एक पेज लिहिताना मध्येच वीज गेली तर अर्धं नवं अर्धं जुनं पेजही राहू शकतं. साध्या राइट कॉलमध्ये निदान कधी लिहायचं ते तुमच्या हातात असतं. स्वतःच्या बफरमध्ये बदल करत राहायचं आणि तयारी झाली की राइट करायचं. एममॅपमध्ये तो बफरच कर्नलच्या ताब्यात असतो.

यावरचा जुना उपाय म्हणजे आधी लॉग. दुकानदार दिवसाचे व्यवहार आधी कीर्दीत ओळीने लिहितो आणि सावकाश खतावणीत खात्याखात्यांवर चढवतो. खतावणी बिघडली तरी कीर्दीवरून पुन्हा उभी करता येते. डेटाबेसही तसंच करतात. एममॅप असेल तर क्रम मात्र काटेकोर हवा: लॉग लिहायचा, लॉगवर एफसिंक करायचा, तो यशस्वी झाला की मगच मॅप केलेल्या पेजला हात लावायचा. आधी पेज बदललं आणि मग लॉग सिंक केला, तर पेज लॉगच्या आधी डिस्कवर पोचू शकतं, आणि लॉग ठेवण्याचा हेतूच संपतो. पुढे सवडीने मॅपिंगवर एमसिंक करायचा, तो झाला की लॉगचा तेवढा भाग मोकळा करायचा.

मोंगोडीबी या डेटाबेसच्या जुन्या एमएमएपी-व्ही-१ इंजिनात हा प्रश्न सोडवण्याची एक नमुनेदार रचना होती. तिथे त्याच फाइली दोनदा मॅप केलेल्या असत, एकदा प्रायव्हेट आणि एकदा शेअर्ड. बदल आधी प्रायव्हेट मॅपिंगमध्ये होत, म्हणजे ते चुकूनही डिस्कवर जाणं शक्य नसे. मग ते जर्नलमध्ये, म्हणजे वर सांगितलेल्या लॉगमध्ये, लिहून सिंक केले जात. त्यानंतरच तेच बदल शेअर्ड मॅपिंगमध्ये उतरवले जात, आणि शेअर्ड मॅपिंग डीफॉल्टनुसार दर ६० सेकंदांनी डिस्कवर फ्लश होई. हुशारीची रचना, पण खर्चिक: तेच पेज मेमरीत दोनदा असू शकायचं, आणि प्रायव्हेट मॅपिंग वरचेवर नव्याने करावं लागायचं. जर्नलिंग आलं २०११ मध्ये. २०१५ मध्ये ३.२ आवृत्तीपासून वायरड-टायगर हे दुसरं इंजिन डीफॉल्ट झालं, आणि २०१९ मध्ये ४.२ आवृत्तीत एमएमएपी-व्ही-१ काढूनच टाकलं.

हॉवर्ड चू यांनी ओपन-एलडॅपसाठी २०११ मध्ये केलेला एलएमडीबी हा छोटा डेटाबेस वेगळ्या वाटेने गेला, आणि मला त्याची रचना फार सुंदर वाटते. त्यात डेटा पेजेसच्या झाडात मांडलेला असतो, आणि वापरातलं पेज जागच्या जागी कधीच बदलत नाहीत. बदल करायचा तर रिकाम्या जागी नवं पेज लिहायचं, त्याकडे बोट दाखवणारं वरचं पेजही नवं, असं करत झाडाच्या मुळापर्यंत जायचं. मूळ कुठे आहे हे सांगणारी दोन मेटा पेजेस फाइलच्या सुरुवातीला असतात आणि ती आलटून पालटून वापरली जातात. आधी सगळी नवी पेजेस सिंक करायची, मग पाळी असलेलं मेटा पेज लिहायचं. मध्ये कुठेही वीज गेली तरी दुसरं मेटा पेज जुन्या, पूर्ण झाडाकडे बोट दाखवत असतं. दुरुस्ती नाही, लॉग वाचणं नाही. शिवाय डीफॉल्टनुसार एलएमडीबीचं मॅपिंग फक्त वाचण्यापुरतं असतं आणि लिहिणं साध्या राइट कॉलने होतं. एसक्यूलाइटने २०१३ मध्ये ३.७.१७ आवृत्तीत एममॅप आणलं तेही वाचण्यासाठीच. वाचायला एममॅप, लिहायला राइट, ही विभागणी मला सर्वांत शहाणपणाची वाटते. भरकटलेला पॉइंटर डेटा फाइल बिघडवण्याचा धोकाही तिच्यामुळे टळतो.

एमसिंकलाच 'सगळं किंवा काहीच नाही' असं करता येईल का? स्टॅन पार्क, टेरेन्स केली आणि काय शेन यांनी २०१३ मध्ये तसा कर्नल तयार करून दाखवला. एमसिंक होईपर्यंत पेजेस अडवून ठेवायची आणि मग फाइल सिस्टिमच्या जर्नलमधून एकगठ्ठा पाठवायची. लिनक्सच्या मुख्य कोडमध्ये ते आलेलं नाही.

चूक झाली तर कळवणार कोणाला?

राइट कॉल अपयशी झाला तर तो तसं सांगतो. असाइनमेंटला परत द्यायला काही किंमतच नसते. फाइल लांब करून ठेवली पण डिस्कवर जागा राखून ठेवली नाही, आणि लिहिताना डिस्क भरलेली निघाली, तर प्रोग्रॅमला सिगबस सिग्नल मिळतो आणि तो त्या ओळीवरच मरतो. दुसऱ्या कुणी फाइल आखूड केली आणि तुम्ही कापलेल्या भागाला हात लावलात तरी तेच. म्हणून मॅप करण्याआधी फॅलोकेट कॉल करून जागा खरोखर राखून घ्यावी, नुसती लांबी वाढवू नये.

डिस्कवर लिहितानाची चूक याहून अवघड. ती होते तेव्हा तुमची ओळ चालून अर्धं मिनिट झालेलं असतं. कर्नल ती लक्षात ठेवतं आणि पुढच्या एफसिंक किंवा एमसिंकला परत देतं. २०१८ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसच्या लोकांच्या लक्षात आलं, की लिनक्सवर एफसिंक एकदा अपयशी झाल्यावर पुन्हा केला तर तो यशस्वी होतो, पण डेटा डिस्कवर गेलेलाच नसतो. कारण चूक झाल्यावर कर्नल ते पेज स्वच्छ म्हणून नोंदवतं. ईएक्सटी-४ या फाइल सिस्टिमवर मेमरीतल्या पेजमध्ये नवा मजकूर, डिस्कवर जुना, आणि दोन्ही सारखे असल्याची खोटी नोंद, अशी अवस्था होते. ते पेज कॅशमधून बाहेर पडलं की नवा मजकूर कायमचा गेला. त्याआधी २०१७ मध्ये लिनक्स ४.१३ मध्ये जेफ लेटन यांच्या कामामुळे चुका कळवण्याची पद्धत सुधारली होती, पण पेज स्वच्छ ठरवण्याची गोष्ट तशीच होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये पोस्टग्रेसने चालू असलेल्या सगळ्या आवृत्त्यांत बदल केला: एफसिंक अपयशी झाला की पुन्हा प्रयत्न करायचा नाही, सर्व्हर पॅनिक करायचा आणि लॉगवरून पुन्हा उभा करायचा.

पोस्टग्रेस आपल्या डेटा फाइली एममॅपने लिहीत नाही, पण एमसिंक त्याच एफसिंकच्या वाटेने जातो, म्हणून नियम तोच. एमसिंकने इनपुट-आउटपुटची चूक परत दिली तर मॅपिंगमधल्या मजकुरावर विश्वास ठेवायचा नाही आणि लूपमध्ये पुन्हा पुन्हा एमसिंकही करायचा नाही. थांबायचं आणि लॉगकडे किंवा आधीच्या सुरक्षित प्रतीकडे जायचं. २०२२ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाचे अँडी पाव्हलो आणि सहकाऱ्यांनी डेटाबेस लिहिणाऱ्यांना एममॅपपासून दूर राहायला सांगितलं, त्यात क्रमाचा प्रश्न आणि चुका हाताळण्याचा प्रश्न ही दोन मोठी कारणं होती. पूर्ण डेटाबेससाठी ते मला पटतं. वाचण्यापुरत्या इंडेक्ससाठी किंवा बिघडली तर नव्याने बनवता येईल अशा फाइलसाठी एममॅप आजही उत्तम.

वीज गेली तरी मजकूर कायम टिकणाऱ्या मेमरीत हे सगळं बदलतं. तिथे पेज कॅश मध्ये येतच नाही, मॅपिंग थेट साठवणीवर असतं आणि सिंक म्हणजे प्रोसेसरच्या ६४ बाइटच्या कॅश-लाइन बाहेर ढकलणं. लिनक्स ४.१५ पासून त्यासाठी मॅप-सिंक हा फ्लॅग आहे. मात्र या प्रकारातली सर्वांत गाजलेली इंटेलची ऑप्टेन मेमरी बंद करत असल्याचं कंपनीने २०२२ मध्ये जाहीर केलं.

सिंक किती वेळा करायचं, हे शेवटी किती काम गेलेलं चालेल यावर ठरतं, आणि ते प्रत्येक नोंदीसाठी एकच असायला हवं असं नाही. बहुतेक लिनक्स सर्व्हरवर चालणारा सिस्टिमडीचा जर्नल, म्हणजे सिस्टिमच्या नोंदी ठेवणारा प्रोग्रॅम, त्याच्या लॉग फाइली एममॅप करतो. साध्या नोंदी आल्या तर तो डीफॉल्टनुसार ५ मिनिटांपर्यंत सिंक करायला थांबतो. क्रिटिकल, अ‍ॅलर्ट किंवा इमर्जन्सी दर्जाची नोंद आली तर थांबत नाही, तिथल्या तिथे सिंक करतो, कारण मशीन का बंद पडलं हे सांगणारी ओळ बहुतेक तीच असते. ५ मिनिटं जास्त वाटत असतील तर जर्नलच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये सिंक-इंटरव्हल-सेक ही किंमत कमी करता येते.